हप्ता दर मंगळवारी, चवथ वर्षातून एकदा

पत्र: ताई, नाव-गाव छापू नका, गोव्यातला सत्तरी तालुका एवढंच लिहा. घरी गिरण आहे आणि गणेश चवथीला, दिवाळीला मी फराळाच्या ऑर्डरी घेते. गिरण घेताना एका मायक्रोफायनान्स कंपनीचं ५०,००० चं कर्ज काढलं. त्याचे आठवड्याला ६०० जातात, अजून ४० हप्ते आहेत. मग दुसऱ्या कंपनीचे ४०,००० घेतले, त्याचे ४८०, ते ७० हप्ते राहिलेत (ते पैसे ह्यांच्या बाईकला भरले). विजेचं बिल जाऊन गिरणीतून महिन्याला तीनेक हजार सुटतात, फराळाचे वर्षाला चाळीस हजार. ह्यांचा पगार १५,०००, त्यातून बाईकचे ३,००० कापले जातात. आधी ह्यांचा खाणीवर ट्रक होता. सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० येतात ते सरळ हप्त्यात जातात. जून ते ऑगस्ट मंगळवार आला की पोटात गोळा येतो. आता दुसऱ्या कंपनीचा वसुलीला येणारा सर म्हणतो, ८०,००० घ्या, दोन्ही जुनी कर्जं बंद करा, हप्ता १,०८० चा ९६० होईल आणि उरलेल्या पैशांत चकलीचं मशीन येईल. व्याज बाराच टक्के, म्हणतो. घेऊ का? मंगळवारी हप्ता भरायला आम्ही बायका जमतो त्या केंद्रातल्या एकीने पाच आठवडे हप्ता दिला नाही म्हणून परवा सरांनी आम्हा सगळ्यांना रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं, शेवटी प्रत्येकीने शंभर-शंभर घातले. हे बरोबर का? आमचा बचत गटही आहे, आठ वर्षांचा, बारा जणींचा, महिन्याला शंभर. पण वही लिहिणारी लग्न होऊन गेली, दोन वर्षं काही लिहिलेलं नाही. मुलगी साखळीच्या कॉलेजात कॉमर्सला आहे, तीच म्हणाली तुम्हाला लिही. सगळे म्हणतात या कर्जांनी बायकांचं भलं होतं, मग माझं का नाही? आणि एक राहिलंच, नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, दर वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल का?

उत्तर:

नको. ऐंशी हजार घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण सर येत्या मंगळवारी फॉर्म घेऊन येईल, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

आता हिशेब. आज तुमचे फेडायचे राहिलेत पहिल्या कर्जाचे २४,००० आणि दुसऱ्याचे ३३,६००, मिळून ५७,६००. नवं कर्ज दोन वर्षांचं, म्हणजे १०४ हप्ते. ९६० ने गुणा, ९९,८४० होतात. म्हणजे ४२,००० जास्त भरायचे. त्याच्या बदल्यात हातात काय येतं? दोन्ही जुन्या कर्जांची मुद्दल माझ्या हिशेबाने ५१,००० च्या आसपास असेल, ती वळती होईल. प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी आणि नवरा-बायकोचा विमा मिळून अडीच हजार तरी आधीच कापले जातील. उरले साडेसव्वीस हजार. साडेसव्वीस हजारांचं मशीन तुम्ही बेचाळीस हजारांना घेणार, आणि तुमच्या डोळ्यांपुढे मात्र १२० रुपयांनी उतरलेला हप्ताच राहणार.

तुमचं गिरणीचं कर्ज ४० आठवड्यांत फिटतंय. दिवाळी आत्ताच झालीय, म्हणजे पुढच्या चवथीच्या आसपास ते ६०० मोकळे होतात. नवं घेतलंत तर फिटत आलेलं कर्ज परत पहिल्या हप्त्यापासून सुरू होईल.

सर बारा टक्के म्हणतो ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. ५०,००० वर वर्षाचे बारा टक्के धरून दोन वर्षांचे १२,००० व्याज, आणि ६२,००० भागिले १०४, असा तुमचा सहाशेचा हप्ता निघालाय. पण मुद्दल दर आठवड्याला कमी होत जाते आणि तुम्ही व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर देता. घटत्या मुद्दलीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीसच्या पुढे जातो, फी आणि विमा धरले तर पंचवीसला टेकतो. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून व्याजावरची मर्यादा काढली, पण कंपनीने खरा वार्षिक दर कागदावर दाखवायचा आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत लोन कार्ड द्यायचं, असंही बजावलं. तुमचं कार्ड काढा. देवघराच्या फळीवर नाहीतर तांदळाच्या डब्यात असेल. त्यावरचा आकडा मुलीला मोठ्याने वाचायला सांगा.

आता तुम्ही कंसात लिहिलेली बाईकची ओळ. चार पानांच्या पत्रात ही एकच ओळ कंसात आहे. कर्ज तुमच्या नावावर, मंगळवारी केंद्रात मान खाली घालून बसता तुम्ही, आणि बाईकवरून कामाला जातात ते. मी भांडण लावत नाही, बाईक लागतेच. सत्तरीतल्या बसचं वेळापत्रक मला माहीत आहे. पण गिरण पीठ दळून स्वतःचा हप्ता काढते, बाईक काढत नाही. तुमची वर्षाची कमाई ७६,०००, त्यातले ५६,१६० दोन हप्त्यांत जातात. रुपयातले बारा आणे! त्यातला बाईकचा वाटा बाजूला केला तर साडेसहा आण्यांवर येतं. दुसऱ्या कर्जाचे ४८० त्यांच्या पगारातून जायला हवेत हे एकदा सरळ बोला. हिशेबाचा कागद पुढे ठेवून बोला, मुलीला शेजारी बसवा. ट्रक चालवलेल्या माणसाला हप्ता म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

खरं तर त्यांनाच हे सगळ्यात आधी कळायला हवं. मी त्या काळात बँकेत होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग मधे थोड्या चालल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन पुन्हा बंद पडल्या. होंडा, पाळी, डिचोली, जाल तिथे अंगणात ताडपत्री घातलेले ट्रक. ट्रक खाण चालेल तेव्हाच कमवायचा, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला यायचा. तुमच्या घरात आता तेच लहान आकड्यांत चाललंय. भाद्रपदात तुमच्या हातात बावीस-पंचवीस हजार येतात आणि आषाढात गिरणीवर दोन डबे. त्यात वीज गेली की तेही राहिले. वाळपईच्या बाजारात रोज भाजी विकणाऱ्या बाईला आठवड्याचा हप्ता सोसतो, कारण तिचा पैसा रोज फिरतो. तुमचा फिरतो सणाला. या कर्जात तुमची पहिली चूक हीच झाली. अर्थात, तुम्हाला कोणी विचारलंही नसेल. हप्ता किती दिवसांनी भरायचा हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे निवडता आलं पाहिजे असं २०२२ च्या नियमांत आहे. पंधरवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता मागा, लेखी मागा.

आणि पावसाळ्यासाठी आपण मीठ, सोलां, सुकी मासळी भरून ठेवतो ना, तसं पैशांचंही पुरुमेंत करा. जून, जुलै, ऑगस्टचे तेरा मंगळवार, सहाशेने ७,८००. दिवाळीचे पैसे अजून डब्यात असतील तर तेवढे आजच पोस्टात टाका आणि पासबुक मुलीकडे द्या.

यानंतर बचत गटाकडे येते, कारण पत्र वाचताना मी तिथेच अडले. बारा जणी, शंभर रुपये, आठ वर्षं. गुणाकार केलात का कधी? एक लाख पंधरा हजार दोनशे. ज्यांनी काढले असतील ते वजा करा, व्याज मिळवा, पण लाखाच्या घरात तुमचा स्वतःचा पैसा बँकेत अडीच-तीन टक्क्यांनी झोपलाय. आणि तुम्ही बाराही जणी मंगळवारी अंगणात बसून पंचवीस टक्क्यांचं कर्ज फेडताय. वही लिहिणारी सासरी गेली, एवढ्या कारणावरून!

मी हसत नाहीये. वही बंद पडली की गट का मरतो हे मला चांगलं ठाऊक आहे, एक गट मारायला माझाही हात लागलाय. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातून सहा बायका पावसात दोन बस बदलून आमच्या शाखेत आल्या होत्या, वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. कर्ज मागायचा ठराव होता, पण दोन सह्या कमी होत्या. मी म्हटलं, सह्या घेऊन परत या. नियमाने माझं बरोबर होतं. त्या परत आल्या नाहीत. वर्षभराने कळलं, एक कंपनी त्यांच्या अंगणात आली होती, तिथल्या तिथे आधार कार्डाचे फोटो काढले आणि पाच दिवसांत पैसे दिले. मायक्रोफायनान्स कंपन्यांना शिव्या देणाऱ्या आम्हा बँकवाल्यांनी हे आधी कबूल करावं: त्या अंगणात आल्या, आम्ही काउंटरच्या पलीकडे बसून राहिलो.

तर वही. मुलीला दोन रविवार द्या. पासबुक भरून आणायचं, प्रत्येकीला विचारून दोन वर्षांच्या भरणा-उचलीचा तक्ता करायचा, एका सभेत वाचून दाखवायचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. एखादी म्हणेल, मी तेव्हा भरले होते. म्हणू दे. पासबुकात दिसलं तर खरं. हे भांडण एकदा होणारच, ते चवथीच्या माटोळीच्या बाजारात होण्यापेक्षा सभेत झालेलं बरं. मग दुसऱ्या कर्जाची उरलेली मुद्दल, अंदाजे २९,०००, गटातून महिना एक टक्क्याने, घटत्या मुद्दलीवर घ्या आणि कंपनीचं ते खातं बंद करा. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, नियमच आहे. तुमचे यात वाचतात दोनेक हजारच, मी फुगवून सांगत नाही. पण व्याजाचे अडीच हजार गटात राहतात आणि हप्ता चवथीला मोठा, पावसात लहान असा ठरवता येतो. गटातल्या पैशांचा चौथा हिस्सा एकटीने उचलायचा म्हणजे बाकीच्या अकरा जणींचा होकार लागेल. त्यांना बाईकचं खरं कारण सांगा. त्यातल्या निम्म्या जणींच्या घरीही असंच काहीतरी उभं असेल.

वही सहा महिने नीट चालली की वाळपईला बीडीओ कार्यालयात जा, ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचं काम बघणारे तिथे भेटतात. नियमित सभा, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर फेड आणि लिहिलेली वही, या पाच गोष्टी ते तपासतात. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांना जोडून सुरुवात केली, ती हीच वाट. अभियानातल्या महिला गटाला ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, काही तारण ठेवावं लागत नाही. बारा जणींत वाटलं तर पंचवीस-पंचवीस हजार. चकलीचं मशीन त्यातून घ्या. घाई नसावी, आजवर हाताने पाडलेल्या चकल्यांनीच तुमचं गिऱ्हाईक जमवलंय. खाद्यपदार्थ विकता म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र आताच करून घ्या. तुमच्यासारख्या छोट्या धंद्याला ती थोडक्या फीत होते, आणि पुढे दुकानात माल ठेवताना पहिला प्रश्न तोच येतो.

रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं ते चूक, सरळ चूक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुली ठरलेल्या जागी करायची. कर्जदार लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा तिथे आली नाही तरच तिच्या घरी जायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोनसुद्धा करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाईकांना त्रास, नावं जाहीर करणं, सगळं मना आहे. आता शंभर-शंभरचं. कर्ज घेताना एकमेकींच्या हमीवर सही केली असेल, तर कंपनी तुमच्याकडे मागू शकते. कार्ड आणि करार दोन्ही वाचा. पण मागणं वेगळं आणि अंगणात कोंडून काढणं वेगळं. आपला हप्ता दिला, कार्डावर सही घेतली की उठायचं. सगळ्या जणी एकदम उठल्या तर तो सर काय करणार? कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. घाटापलीकडे कर्नाटकात हे प्रकार इतके टोकाला गेले की २०२५ च्या फेब्रुवारीत जबरी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. तो गोव्याला लागू नाही, वर सांगितलेले नियम मात्र देशभर लागू आहेत. तो सरही बहुधा बावीस-तेवीसचा, कुठल्या तरी दुसऱ्या गावचा, भाड्याच्या खोलीत राहणारा पोरगा असेल. वसुली शंभर टक्के नाही दाखवली तर त्याच्याही पोटात गोळा येत असणार. म्हणून त्याच्याशी बोलताना आवाज चढवू नका, तक्रार मात्र करा.

आणि त्या पाच आठवडे न भरणाऱ्या बाईकडे कोणी गेलं होतं का? तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एवढंच आहे की तिने भरले नाहीत. घरचं माणूस बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ॲडमिट आहे, की तिच्या नावावरचं कर्ज दुसऱ्याच कोणी वापरलंय? हा दुसरा प्रकार मी फार पाहिलाय: शेजारीण म्हणते, माझ्या नावावर आता मिळत नाही, तू काढून दे, हप्ता मी भरते. दोन महिने भरते. तुम्हाला कोणी असं म्हणालं तर घरात साखर संपलीय म्हणा, काहीही म्हणा, पण आधार कार्ड देऊ नका.

बायकांचं भलं होतं का, हा तुमचा प्रश्न भल्याभल्यांना पडलाय. हैदराबादच्या १०४ वस्त्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. निम्म्या वस्त्यांत कर्जवाली कंपनी आधी नेली, निम्म्यांत नाही, आणि मग दोन्हींकडची घरं ताडून पाहिली. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढवला, त्यातल्या वरच्या काहींचा नफाही वाढला. पण घराचा एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द, यांत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला, आणि त्या दोघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्या घरात हे दोन्ही दिसतं. गिरणीचं कर्ज तुमच्या उपयोगी पडलं, कारण फराळाचा धंदा तुमच्याकडे आधीच होता. दुसऱ्या कर्जाने घरात बाईक आली, पण ती घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवलंत का? नियम सांगतो, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत. तुमचे साधारण ७,७०० होतात, घराचं उत्पन्न बावीस हजारांच्या पुढे. नियमात बसता. म्हणूनच तिसरं कर्ज द्यायला सर तयार आहे. आषाढातल्या मंगळवारी कसं होतं ते त्या गणितात कुठेच येत नाही.

आता नेवऱ्या. वाढवा दर. यंदा नारळ कुठे गेला हे मी तुम्हाला सांगायला नको, आणि जुन्याच दराने देत असाल तर तुम्ही गिऱ्हाइकाला खोबरं फुकट वाटताय. नारळ, रवा, गूळ, तेल, गॅस मांडा, आणि त्यात तुमच्या आणि मुलीच्या रात्रीच्या जागरणाचे तासही धरा, दिवसाच्या मजुरीच्या दराने. तुम्ही ते कधी धरले नसणार, कोणीच धरत नाही. पणजी-म्हापशाला फ्लॅटात राहणाऱ्या ज्या बायका चवथीला दोनशे नेवऱ्या तुमच्याकडून नेतात, त्यांना स्वतः करायला वेळ नाही म्हणून नेतात. डझनामागे वीस रुपये वाढले तर त्या फोनवर थोडं कुरकुरतील आणि घेतील. गावातल्या चार घरांना हवा तर जुनाच दर ठेवा.